सासू नावाचा नांगर

मावशीच्या घरी सोफ्यावर नांगर झोपलेला असायचा आणि पाहुणे खाली सतरंजीवर बसायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चपला हातात घेऊन तसाच दारात उभा राहिलो. नांगर शेतातला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. नांदूरघाटात तो कुणाच्याही घरी सापडेल, सोफ्यावर नाही तर निदान गोठ्यात. हा होडीचा होता. होडी वाहून जाऊ नये म्हणून दोराला बांधून पाण्यात टाकतात, तो. लोखंडी दांडा, खाली दोन वाकडी पाती, आणि अंगावर मावशीची जुनी दुलई.

"तेल लावलंय," काका म्हणाले. "धूळ बसंल म्हनून पांघरलंय. तू बस खाली."

मी बसलो. बाहेर ओट्याशी टँकरच्या पाण्याचे रिकामे ड्रम उलटे घालून ठेवलेले होते आणि आत माझे काका होडीचा नांगर पांघरूण घालून जपत होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना वाटलं मी कौतुकानं गप्प आहे, म्हणून त्यांनी दुलई काढून तो मला मांडीवर घ्यायला दिला. माझ्या पँटीवरचा तो डाग कधीच गेला नाही.

काका आता नाहीत. त्यांच्या गोष्टी आमच्या घरात मीच सांगतो. लग्नात, बारशात, कधी कधी दहाव्यालासुद्धा. बायको म्हणते, दर वेळी तुमच्या गोष्टीतला वारा वाढतो आणि तुमचं वजन कमी होतं. दोन्ही खरं आहे. पण काकांच्या वाट्याचं जे सांगतो त्यात मी भर घालत नाही. त्यांनी तेवढी जागाच ठेवलेली नाही.

ते चित्रकलेचे सर होते, निवृत्त झालेले. अंगानं माझ्यासारखेच, म्हणजे शिलाईवाला माप घेताना एकदा टेप टेकवून परत दुसऱ्या बाजूनं यायचा. कानावर पेन्सिल. ती झोपतानाही काढत नसत, असं मावशी सांगायची. कुठंही गेले की हात लांब करायचे, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरचं मोजायचं. देऊळ, बैल, पाहुणी, काहीही. माझ्या लग्नासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तिच्यावर पेन्सिल धरली होती. आमचं लग्न झालं याचं श्रेय मी सासऱ्यांच्या सहनशक्तीला देतो.

"रेघ खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं वाक्य. माणसं बोलतात, सरकार बोलतं, पंचांग बोलतं, रेघ नाही. हे ते इतक्या वेळा म्हणायचे की आम्ही भावंडं त्यांच्या मागं पेन्सिल धरून तेच म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. त्यांना वाटायचं आमच्यावर परिणाम होतोय.

आता होडीचं सांगतो, कारण बीडमध्ये शिडाची होडी कुठून आली, हे लोक मला आधी विचारतात.

अंबाजोगाईला एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना तरुणपणी कुठंतरी समुद्राकाठी शिडाची होडी चालवायचा नाद लागला आणि तो सुटलाच नाही. आमच्याकडे समुद्र नाही, पण धरण आहे. डॉक्टरांनी प्लायवूडच्या होड्या करून घेतल्या, चार डोकी गोळा केली, आणि दर रविवारी ही मंडळी धरणावर शीड लावून हिंडायला लागली. एक वकील, एक खताचा दुकानदार, एक पेट्रोल पंपवाला. काका कवळीच्या मापाला गेले होते, तिथं भिंतीवर होडीचा फोटो पाहिला आणि डॉक्टरांना म्हणाले, शिडाचा कोन चुकलाय. तोंडात साचा असताना म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना रविवारी बोलावलं.

काका गेले, सोबत डबा घेऊन मावशी. डॉक्टर म्हणाले, "या सर, एक चक्कर मारू." काका दोन पावलं मागं सरकले. त्यांना पाण्याची भीती होती, आणि ती साधी भीती नव्हती. ते विहिरीत वाकून बघत नसत. आंघोळीला बादली अर्धीच भरून घेत. ते म्हणाले, "मी इथूनच बघतो. कोन लांबूनच कळतो."

आणि मग मावशीनं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि होडीत जाऊन बसली.

हे मी तिथं नव्हतो तरी मला दिसतं. आमची मावशी, जी एसटीत खिडकीशी बसली की ओकायची. ती परत आली ती सुकाणू हातात धरूनच. डॉक्टर म्हणाले, "यांना वारा कळतो." कळणारच. लग्नाआधी सगळी सुगी तिनं खळ्यावर उंच तिवईवर उभं राहून ज्वारी उपणली होती. वारा कुठून येतोय हे चुकलं तर दाणे आणि भुसा दोन्ही डोळ्यांत. तिच्या चंचीत अजूनही भुशाची चिमूट असायची. होडीत बसली की ती सोडायची, भुसा कुठं जातो बघायचं आणि शीड ओढायचं. वर्षभरात ती वकिलाला हरवायला लागली. आमच्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, हे कळलं तेव्हा आईनं देवासमोर दिवा लावला आणि मला म्हणाली, "तुझी मावशी नऊवारीत शर्यत लावते म्हणे." मी म्हणालो, "पाचवारीत." आईला त्यानं काही फरक पडला नाही.

काकांना मात्र पडला. मावशी पाण्यावर गेली की ते काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि पेन्सिल धरून तिची होडी मोजत राहत. होडी पेन्सिलच्या टोकाएवढी झाली की त्यांना घाम फुटायचा. "जाऊ नको" असं ते तिला म्हणाले नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "तिला मी कवा कशाला न्हाई म्हनलं न्हाई. आता म्हातारपनी कावून सुरू करू?" त्यांनी पेन्सिल पुन्हा होडीवर धरली. "पन भाच्या, जाईल तिथं तिला थांबता आलं पायजे. वारा सुटला, शीड फाटलं, तर थांबता आलं पायजे. बाकी काय न्हाई."

तेवढ्यासाठी तो सगळा लोखंडाचा संसार.

विकतचे नांगर त्यांना पसंत नव्हते. ते म्हणत, ते समुद्राच्या वाळूसाठी केलेले, आपल्या काळ्या गाळात लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरतात. म्हणून ते स्वतः चित्रं काढत आणि केजला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ती लोखंडात करून घेत. चित्रं अतिशय सुंदर असत. नांगर अतिशय वाईट असत. पण काकांनी एक नवी गोष्ट केली होती: प्रत्येक नांगराला पकडीप्रमाणे नात्याचं नाव. व्याही नावाचा होता, तो दिसायला भारदस्त, पितळी कड्यांचा, पण जरा ओढ लागली की उठून चालायला लागायचा. जावई फक्त मऊ जागेवर बसायचा आणि बसल्यावर हलायचा नाही. मेव्हणा धरायचं नाही ते सगळं धरायचा. भोयांची जाळी, दुसऱ्यांचे दोर, एकदा डॉक्टरांचा चष्मा.

आणि एक होता भाचा. चकचकीत, हलका, आटोपशीर. पाण्यात टाकला की गुळगुळीत घसरत जायचा, कशालाच पकडायचा नाही.

"लई गोजिरा हाय," काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पन कुटं टिकत न्हाई."

मी तेव्हा नुकतीच आणखी एक नोकरी सोडली होती. मंडळी हसली, मीही हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "सरांचं निरीक्षण चांगलं आहे."

मध्ये कोरडी वर्षं आली. धरण आटत आटत मधल्या एका डबक्यापुरतं उरलं. मंडळी तरी दर रविवारी यायची. भेगा पडलेल्या काळ्या जमिनीवर होड्या कलंडून पडलेल्या, त्यांत बसून दातांचे डॉक्टर आणि वकील चहा प्यायचे आणि वाऱ्याची दिशा यावर वाद घालायचे. येणारे जाणारे ऊसतोडीचे ट्रॅक्टर थांबून बघायचे. मावशी तेवढ्यात चपला घालून आत आत चालत जायची, दूरवर ठिपका व्हायची, आणि उन्हं कलल्यावर परत यायची. कुठं गेली होतीस विचारलं की म्हणायची, "म्हायेरी." तिचं आणि आईचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आम्हाला वाटायचं ती गंमत करते.

पाणी नाही म्हणून काका थांबले नाहीत. त्यांनी शेजाऱ्याच्या काळ्या रानात नांगर रोवला, दोर ट्रॅक्टरला बांधला आणि ओढायला सांगितलं. नांगर खरंच सुटेना. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली, काकांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या, आणि मग जमिनीतून जाड पाईप अजगरासारखा वर आला.

शेजारी धावत आला. "सर, माजी पाईपलाईन उपटली की ओ तुमी."

"पाईपलाईन उपटली," काका म्हणाले, "पन नांगर सुटला का? बघ की. सुटला का?"

शेजाऱ्यानं बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. काय करणार. तो काकांचा विद्यार्थी होता.

त्याच खेपेला शेवटचा नांगर जन्माला आला. रुंद पाती, आत वळलेली टोकं, दांड्यावर एक आडवा गज. काकांनी तो सोफ्यावर ठेवला, पेन्सिल धरून सगळीकडून बघितला आणि म्हणाले, "ही सासू."

मावशी आतून आली. "माज्या आईला कावून मधी घेता?"

"अगं, मान हाय तो. एकदा धरलं की सोडत न्हाई."

"माजी आई तुमाला सोडून मेली पन. तुमी काय तिला सोडंना."

पण नाव राहिलं.

पुढं पाऊस झाला, धरण भरलं, आणि दसऱ्याच्या आसपास मंडळींनी शर्यत ठेवली. मावशीच्या होडीला जोडीदार लागायचा. तो आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आज वारा आहे, होडीत वजन पाहिजे. असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पोहू शकत नाही. जॅकेट दिलं ते माझ्या पोटावर बंद होईना, म्हणून दोरीनं बांधलं. काकांनी स्वतः सासू आणून होडीत ठेवली, दोराची गाठ तीनदा ओढून बघितली आणि मला बजावलं, "काय झालं तर ही टाक. बाकी कशावर भरवसा ठेवू नको. तुज्यावर तर मुळीच नको."

निघाल्यावर मी मावशीला विचारलं, "हा याआधी टाकलाय का कधी?"

"टाकते की. परतताना, काठाला आल्यावर."

"काठाला कशाला?"

"चिखल लागलेला दिसला न्हाई तर ह्ये जेवत न्हाईत."

मी हबकलो. इतकी वर्षं व्याही, जावई, मेव्हणे पाण्यातून फिरून येत होते आणि खऱ्या कामाला एकालाही तिनं कधी लावलं नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं चिमूटभर भुसा सोडला. तो सरळ माझ्या तोंडात आला. मावशी मागं वळून आभाळाकडे बघायला लागली आणि पहिल्यांदाच मला तिचा चेहरा आवडला नाही.

वारा आला तो भिंतच अंगावर यावी तसा. बायकोला वाटतं मी वाढवून सांगतो. तिनं त्या होडीत बसून बघावं. डोलकाठी मध्येच मोडली, शीड माझ्या डोक्यावर पडलं. त्यातून बाहेर आलो तर आम्ही वेगानं धरणाच्या बांधाकडे चाललो होतो. बांधाला मोठमोठ्या दगडांची फरशी आहे आणि त्या दगडांवर लाटा फुटत होत्या. त्या प्लायवूडचं तिथं काय होणार हे सांगायला चित्रकलेचे सर नको होते.

मी सासूला उचललं.

"अजून न्हाई," मावशी म्हणाली. तिनं वल्हं हातात घेतलं होतं आणि होडी एका अंगाला रेटत होती. बघत होती मात्र मागं, काठाकडे. "देऊळ दिसतंय का रं?"

काठावर टेकडी आहे, तिच्यावर देऊळ, आणि टेकडीच्या अलीकडे गावाची पाण्याची टाकी. मला वाटलं, मावशीनं आशा सोडली. मी सासू खाली ठेवली आणि हात जोडले.

"हात कावून जोडतो? देऊळ टाकीच्या मागं गेलं का ते सांग."

"नाही. बाहेर आहे थोडं."

"मग थांब."

दगड मला एकेक वेगळा दिसायला लागला होता. मी म्हणालो, "गेलं मावशे, आता गेलं मागं." तिनं भुवई उंचावून स्वतः बघितलं, एक डोळा पाण्यातल्या बाभळीच्या शेंड्यावर ठेवला, वल्हं दोनदा मारलं, आणि मग म्हणाली, "टाक."

मी टाकला. दोर सरसर गेला आणि काहीच झालं नाही. सासू खाली घसरत होती. भाचा घसरायचा तशीच. ते मला दोरातून हाताला कळत होतं. आणि मग असा झटका बसला की मी होडीच्या तोंडाशी जाऊन पडलो. होडी गर्रकन वाऱ्याकडे वळली आणि थांबली. भोवती सगळं धरण पळत होतं आणि आम्ही एका जागी उभे. मावशीनं वल्हं ठेवलं आणि चंचीतून सुपारी काढून मला दिली.

वारा ओसरल्यावर भोयांची होडी आली. नांगर काही केल्या निघेना, तिघांनी मिळून ओढला तरी नाही. शेवटी दोर कापला आणि त्यांनी आम्हाला ओढत काठाला आणलं.

काका गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे होते. चप्पल, पायजमा, सगळ्यासकट. अर्धी बादली घेणारा माणूस. मला वाटलं आता ते मावशीला जवळ घेतील, मला निदान "बरा हाय का" विचारतील. ते म्हणाले, "सुटला का?"

मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"न्हाई सुटला," ती म्हणाली. "कापावा लागला."

काका होते तिथंच पाण्यात मटकन बसले.

त्यानंतरचं वर्ष सासूचं. काकांनी तशा पाच-सहा करवून घेतल्या, एकेकाच्या होडीत नेऊन ठेवल्या, आणि विकतचे नांगर काढायला लावले. कुणाच्या तोंडून शंका निघायची सोय नव्हती. आम्ही दोघं जिवंत पुरावे होतो. सिरसाळ्याला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, तिथं अहेरात त्यांनी सासू दिली. नवरीची आई खाली बसूनच राहिली. आणि मी गावोगाव वादळाची गोष्ट सांगत सुटलो, देवळापुढं हात जोडल्यापासून सुपारीपर्यंत. "देऊळ टाकीच्या मागं गेलं का" या वाक्याला हमखास हशा यायचा. काकांनी ती गोष्ट माझ्याकडून कितीदा ऐकली असेल. त्यात नांगर टाकला की ते डोळे मिटून मान हलवायचे.

मग पुन्हा एक कोरडा उन्हाळा आला. पाणी उतरलं, आणि काकांनी सगळ्या मंडळींना निरोप धाडला: रविवारी या, सासू जागेवर बसलेली दाखवतो. काळा गाळ तिला कसा धरून बसलाय ते डोळ्यांनी बघा. काका आणि मी जरा आधी गेलो, फावडं घेऊन, मंडळी यायच्या आत जागा नीट करून ठेवू म्हणून.

कापलेल्या दोराचं टोक लांबूनच दिसलं. काका पुढं चालत होते, कानावर पेन्सिल, लहान मुलासारखे. दोराच्या मागं मागं गेले आणि थांबले. मी पोचलो तेव्हा ते हलत नव्हते.

समोर गाळानं भरलेली एक जुनी विहीर होती. दगडी कठडा, आणि त्यावर मोट ओढायला पूर्वी उभे करायचे तसे दोन दगडी खांब. त्या दोन खांबांच्या मध्ये सासू आडवी अडकून बसली होती. गाळात तिचं एक टोकही नव्हतं.

मला आधी विहीर ओळखू आली. आईच्या पेटीतल्या फोटोत आजोबा त्याच खांबाला टेकून उभे आहेत.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. हात लांब केला, एक डोळा मिटला आणि काठाकडे धरली. बराच वेळ तशीच. मग म्हणाले, "भाच्या. देऊळ कुठं हाय बघ."

मी वळून बघितलं. देऊळ दिसत नव्हतं. ते टाकीच्या बरोबर मागं गेलेलं होतं.

ऊन डोक्यावर होतं. जी गोष्ट मी लोकांना हसवायला वर्षभर सांगत होतो, ती मला तेव्हा कळली. मावशी देवाला शोधत नव्हती. ती माहेरची विहीर शोधत होती. त्या वाऱ्यात, मोडक्या डोलकाठीनिशी, तिनं सगळी होडी आपल्या बापाच्या विहिरीवर आणून उभी केली, आणि काठावर येऊन नवऱ्याला सांगितलं, तुमचा नांगर सुटला नाही.

"रेघ खोटं बोलत न्हाई," काका म्हणाले. पण हळू.

लांबून मंडळी येताना दिसली. डॉक्टर, वकील, मागं मावशी, हातात चहाचा थर्मास. मला काय सुचलं तर मी फावडं उचललं. "काका, ही काढून तिकडं गाळात पुरू. पाच मिनिटांचं काम आहे. कुणाला काय कळतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्यांनी त्या नांगराचं नाव भाचा का ठेवलं ते सगळं होतं.

"सगळ्यांच्या होड्यांत हीच हाय," ते म्हणाले. "वकिलाची पोरं बसतात त्यात."

मंडळी आली. कुणीतरी फोटो काढायला मोबाईल काढला. काका खांबापाशी उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे. हा माणूस आयुष्यात एकदाही "माझं चुकलं" म्हणाला नव्हता. फळ्यावर वर्तुळ वाकडं आलं तर खडू बदलायचा.

"बघून घ्या," ते म्हणाले. "गाळानं धरलेलं न्हाई. दगडात अडकलीय. माजा नांगर धरत न्हाई. आज घरी जाताना आपापल्या होडीतली माज्या गाडीत टाका आनि विकतचे घ्या."

डॉक्टर विहिरीकडे बघून म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी नुसतं नशीब?"

मावशी पुढं झाली. "अवो, पन..."

"नशीब," काका म्हणाले. "तू चहा दे."

तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे, मग काठावरच्या टाकीकडे. थर्मासचं झाकण तिच्या हातातून पडलं. पेट्रोल पंपवाल्यानं वातावरण हलकं करायला विचारलं, "सर, मग ह्या बाईंचं काय करायचं?"

"राहू द्या," काका म्हणाले. "स्वतःच्या घरी जाऊन बसलीय. जावयानं कोन उठवनार तिला."

सगळे हसले. मावशी हसली नाही.

संध्याकाळी सोफा रिकामा झाला. काकांनी सगळं लोखंड केजला परत पाठवलं. आम्ही पाहुणे वर बसायला लागलो आणि कुणालाच बरं वाटेना. मला वाटलं, काका आता खचणार. मावशीला वाटलं, आपण होडी सोडावी. तसं ती म्हणालीही. काका म्हणाले, "कावून? वारा संपला का?"

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं. पहिल्या रविवारी मी डॉक्टरांच्या होडीत होतो, पुन्हा वजन म्हणून. काठावर बघतो तर प्लास्टिकची खुर्ची रिकामी. मावशीच्या होडीत काका. जॅकेट पोटावर बंद झालेलं नाही, म्हणून दोरीनं बांधलेलं. दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी, डोळे गच्च मिटलेले. डॉक्टरांच्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज निघाला आणि मी शीड सोडून दिलं, जे मी करायला नको होतं.

नंतर कळलं, मावशीनं विकतचा नांगर होडीत ठेवला होता. काका आणि नांगर, दोन्हींच्या वजनानं होडीची कड पाण्याला टेकायला आली. मावशी म्हणाली, तुमी उतरा. काका म्हणाले, त्याला उतरव.

आम्ही त्यांच्या जवळून गेलो तेव्हा होड्या धरणाच्या अगदी मध्यावर होत्या. काकांचा आवाज ऐकू आला.

"लई आत आलो का?"

"न्हाई ओ," मावशी म्हणाली. "काठालाच हाय अजून."

काकांचे डोळे तसेच मिटलेले, कानावर पेन्सिल.

"देऊळ टाकीच्या मागं गेलं का?"

मावशीचा हात सुकाणूवर थबकला. तिनं काठाकडे बघितलं. मीही बघितलं. मग ती म्हणाली, "गेलं."

"मग थांब जरा हितं. तुज्या आईला सांग, जावई आलाय."

मावशीनं शिडाचा दोर सोडला. होडीत नांगर नव्हता, वारा चांगला होता, आणि आमची होडी त्यांना ओलांडून लांब वाहत गेली. मी मागं वळून बघत राहिलो. त्यांची होडी तिथंच उभी होती. कशी, ते मला अजून कळलेलं नाही.